पोटाच्या वारंवार तक्रारी : मूळव्याध, संग्रहणी की कर्करोग?

'पोट साफ होत नाही' ही मराठवाड्यात घरोघरी ऐकू येणारी तक्रार आहे. सकाळी दोन-तीनदा शौचास जाऊनही समाधान न होणे, जेवण होताच पोटात मुरडा येणे, आठ दिवस बद्धकोष्ठ तर पुढचे चार दिवस जुलाब, अधूनमधून आव पडणे आणि कधी रक्ताचा थेंब, अशी तिची अनेक रूपे असतात. चूर्ण, फक्की किंवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्या यांनी ती चार दिवस थांबते व पुन्हा उद्भवते. अशी वर्षे निघून जातात. मग एखाद्या दिवशी नात्यात किंवा शेजारी कुणाला आतड्याचा कर्करोग निघाल्याचे कळते आणि इतकी वर्षे अंगवळणी पडलेली तीच तक्रार रात्रीची झोप उडवू लागते.

दुर्लक्ष आणि धास्ती या दोन टोकांच्या मध्ये एक सरळ मार्ग आहे. पोटाच्या वारंवार तक्रारी असणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना कर्करोग नसतो. मात्र तो नाही, हे तपासणीने ठरावे लागते. अंदाजाने ठरवून चालत नाही. या तपासणीला एक क्रम आहे. तिच्या पहिल्या पायऱ्या अल्प खर्चाच्या आहेत आणि नांदेड किंवा लातूर सोडून कुठेही न जाता त्या पूर्ण करता येतात.

मोठे आतडे आणि त्याचे काम

लहान आतड्यात अन्नाचे पचन झाल्यावर उरलेला पातळ भाग उजव्या बाजूला, अपेंडिक्सच्या जवळ, मोठ्या आतड्यात येतो. सुमारे दीड मीटर लांबीचे हे आतडे पोटाच्या उजव्या बाजूने वर जाते, आडवे होते, डाव्या बाजूने खाली उतरते व गुदाशयात संपते. मलातील पाणी शोषून घेणे आणि मल साठवून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. उजव्या बाजूला मल पातळ असतो व आतड्याची पोकळी रुंद असते. त्यामुळे तेथे गाठ वाढली तरी बराच काळ अडथळा होत नाही. थोडे थोडे रक्त झिरपून केवळ अशक्तपणा येतो. डाव्या बाजूला मल घट्ट आणि वाट अरुंद असल्याने शौचाच्या सवयीत बदल, कळ आणि उघड दिसणारे रक्त ही लक्षणे तुलनेने लवकर जाणवतात. गुदाशयात गाठ असल्यास शौचास होऊनही पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. एकाच आजाराची लक्षणे व्यक्तीगणिक वेगळी का असतात, याचे उत्तर या रचनेत आहे.

बहुतेक वेळा कारण काय असते?

दीर्घकाळ चालणाऱ्या तक्रारींमागे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे आतड्याची अतिसंवेदनशीलता. डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. यात आतड्याला जखम, सूज किंवा गाठ नसते. आतड्याची हालचाल आणि आतडे व मेंदू यांच्यातील संदेशवहन बिघडलेले असते. २०१६ साली ठरलेल्या 'रोम ४' या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी असावी लागते. ही दुखी शौचक्रियेशी निगडित असणे, त्याबरोबर शौचाच्या वेळा बदलणे आणि मलाचे स्वरूप बदलणे या तीनपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि तक्रारींची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते. वजन घटणे, रक्त पडणे किंवा ताप येणे ही या विकाराची लक्षणे नव्हेत.

'लातूर पॅटर्न'मुळे लातुरात आणि अलीकडच्या काळात नांदेडमध्येही वैद्यकीय, अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावची मुले मोठ्या संख्येने राहतात. मेसचे जेवण, जागरण, बैठे काम आणि परीक्षेचा ताण यांमुळे पेपरच्या आधी पोट बिघडणे हा त्यांच्यातील अनेकांचा अनुभव असतो. तरुण वयातील अशा तक्रारी बहुधा याच गटात मोडतात. ताणाने तक्रार वाढते, म्हणजे ती काल्पनिक असते असे मात्र नाही. वेदना खरी असते.

दुसरे कारण जंतुसंसर्गाचे. अमीबा, जिआर्डिया आणि अन्य जंतूंमुळे होणारी आव व हगवण दूषित पाण्यातून पसरते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या अशा काळात साठवलेले व टँकरचे पाणी वापरावे लागते आणि पोटाचे विकार वाढण्याचा धोका असतो. संसर्ग बरा झाल्यावरही सुमारे दहापैकी एकाच्या बाबतीत आतड्याची संवेदनशीलता पुढे कित्येक महिने टिकून राहते. अशा वेळी 'आव गेलीच नाही' असे समजून जंतुनाशक गोळ्यांचे एकामागून एक कोर्स घेतले जातात. मल तपासणीत जंतू नसतील, तर त्यांचा उपयोग नसतो.

तिसरे कारण भारतात विशेष महत्त्वाचे आहे, ते म्हणजे आतड्यांचा क्षयरोग. लहान आणि मोठे आतडे जेथे जुळते त्या जागी तो बहुधा होतो. उजव्या बाजूला खाली दुखणे, सायंकाळी ताप, वजन घटणे आणि हाताला लागणारा गोळा ही त्याची लक्षणे कर्करोगाशी इतकी मिळतीजुळती असतात की दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्याशिवाय फरक कळणे कठीण. या रोगाची औषधे शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात आणि साधारणतः सहा महिन्यांच्या उपचारांनी तो बरा होतो. म्हणजेच कर्करोगाच्या भीतीने तपासणी टाळणारा रुग्ण काही वेळा पूर्ण बऱ्या होणाऱ्या आजारालाही मुकतो.

याखेरीज आतड्याला व्रण पडणारे अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स हे दीर्घकालीन विकार, दूध न पचणे, थायरॉइडचे विकार आणि औषधांचे परिणाम हीही कारणे आहेत. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात, तर लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होते आणि बद्धकोष्ठही जडते. पूर्वापार 'संग्रहणी' या एका नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या तक्रारींत यांतील कितीतरी वेगवेगळे आजार सामावलेले असतात.

कर्करोग किती आढळतो?

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग जगात रुग्णसंख्येच्या दृष्टीने तिसऱ्या, तर मृत्यूंच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे ७० हजार भारतातील होते आणि त्या वर्षी देशात ४० हजारांवर रुग्ण या आजाराने दगावले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिल्यास भारतातील दर दरवर्षी लाखामागे पाचच्या आसपास आहे. ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील अनेक देशांत तो तिसाच्या घरात किंवा त्याहून अधिक आहे. भारतात हा आजार तुलनेने कमी आहे, ही दिलाशाची बाब.

काळजीची बाब वेगळी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ या एका वर्षात आलेल्या अशा ८०० नव्या रुग्णांची माहिती तेथील तज्ज्ञांनी प्रसिद्ध केली आहे. त्यांचे सरासरी वय ४७ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने साठीनंतरचा आजार मानला जातो. या ८०० रुग्णांपैकी ५७ टक्के रुग्णांना शौचावाटे रक्त जात होते आणि रुग्णालयात येण्यापूर्वी लक्षणे सुरू होऊन सरासरी चार महिने उलटले होते. 'ब्लॅक पँथर' या चित्रपटाचा नायक चॅडविक बोझमन २०२० मध्ये या आजाराने गेला, तेव्हा त्याचे वय ४३ होते. केवळ वय कमी आहे म्हणून शंका मनातून काढून टाकणे, हे रुग्णाने करू नये आणि डॉक्टरांनीही नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा आजार नेमका किती, हे सांगणारी नोंदणी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२० मधील अहवालात नव्हती. त्या अहवालात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड या नोंदण्यांचा समावेश होता. शेजारच्या जिल्ह्यांवरून इतकेच म्हणता येते की ग्रामीण मराठवाड्यात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मोठ्या शहरांपेक्षा कमी असते. ज्वारीची भाकरी, तूर-हरभऱ्याच्या डाळी, पालेभाज्या आणि अंगमेहनत हे पारंपरिक जीवनमान आतड्याला हितकारक आहे. मैद्याचे पदार्थ, बैठे काम, लठ्ठपणा, मद्य व तंबाखू यांनी ते बदलत चालले आहे. तंतुमय आहार कमी होणे आणि वजन वाढणे हे या कर्करोगाचे सिद्ध झालेले धोके आहेत. प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले.

ही लक्षणे असल्यास थांबू नये

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे :

- शौचावाटे रक्त जाणे, मग ते लाल असो वा डांबरासारखे काळे;
- चाळीस-पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने झालेला आणि तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकलेला बदल;
- आहार न बदलता वजन घटणे, भूक मंदावणे;
- पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये कारण नसताना हिमोग्लोबिन कमी होणे;
- शौचाच्या वेगाने किंवा पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येणे;
- पोटात गोळा हाताला लागणे, वारंवार ताप येणे;
- आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे.

पोट फुगणे, उलट्या होणे आणि शौच व वायू दोन्ही बंद होणे ही आतडे अडल्याची लक्षणे आहेत. अशा रुग्णाला जुलाबाचे औषध न देता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

हिमोग्लोबिनचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अशक्तपणा म्हटला की लोहाच्या गोळ्या किंवा सलाईन यांवर भर दिला जातो. रक्त कमी का झाले, हा प्रश्न विचारला जात नाही. पन्नाशीतील पुरुषाचे रक्त कमी होत असेल तर ते कुठून तरी जात असते, आणि ती जागा बहुधा पोटातच असते.

'मूळव्याध' या शब्दाची अडचण

शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे पहिला शब्द उच्चारला जातो तो मूळव्याधीचा. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. मूळव्याधीत शौचाच्या शेवटी लालभडक रक्ताचे थेंब किंवा धार पडते व सहसा दुखत नाही. गुदद्वाराला चीर पडल्यास, म्हणजे फिशर असल्यास, काचेने कापावे तशी वेदना होते. भगंदरात गुदद्वाराजवळच्या छिद्रातून पू येतो. रक्त मलात मिसळलेले, काळपट किंवा चिकट आवेबरोबर असेल, तर कारण आणखी वर असण्याची शक्यता वाढते.

मात्र केवळ वर्णनावरून कर्करोग नाही असे ठरवता येत नाही. मूळव्याध हा सर्वसामान्य आजार असल्याने एकाच रुग्णात मूळव्याध आणि गुदाशयाची गाठ एकत्र असू शकतात. मोड दिसतात, त्यावर उपचार होतात आणि वरची गाठ तशीच वाढत राहते. बसस्थानकांच्या परिसरात आणि रस्त्यांच्या कडेला 'विनाशस्त्रक्रिया मूळव्याध, भगंदरावर खात्रीचा इलाज' अशा पाट्या जागोजागी दिसतात. अशा ठिकाणी आत न तपासता क्षार, इंजेक्शन किंवा पुड्या दिल्या जात असतील, तर रुग्णाचा पैसा जातोच. त्याहून मोलाचे महिने जातात.

हा धोका टाळण्याचा पहिला उपाय अगदी साधा आहे. डॉक्टरांनी हातमोजा घालून, वंगण लावून बोटाने गुदाशयाची तपासणी करणे. त्याला एक-दोन मिनिटे लागतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठी बोटाला लागतात. संकोचामुळे रुग्ण ही तपासणी नाकारतात, तर काही वेळा गर्दीत ती राहून जाते. 'आतून तपासायचे आहे का?' असे रुग्णाने स्वतः विचारण्यात काहीही गैर नाही. स्त्री-रुग्णांना स्त्री-डॉक्टरांची किंवा तपासणीच्या वेळी परिचारिका व घरातील स्त्री सोबत असण्याची मागणी करता येते.

तपासण्यांचा क्रम

लक्षणांची सविस्तर विचारपूस आणि बोटाची तपासणी यांनंतर रक्तातील हिमोग्लोबिन, मलाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि गरजेनुसार थायरॉइड व साखर पाहिली जाते. मलातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी 'फिट' ही चाचणी उपयुक्त आहे. ज्यांना लक्षणे नाहीत, त्यांच्या चाळणीसाठी अनेक देशांत ती वापरली जाते. ज्याला उघड रक्त जात आहे, त्याने मात्र या चाचणीवर विसंबून राहू नये. त्याला थेट दुर्बिणीची तपासणी लागते. मलातील कॅल्प्रोटेक्टिन या घटकाच्या चाचणीतून आतड्याला सूज आहे की केवळ संवेदनशीलता, याचा अंदाज येतो.

काही तपासण्यांबाबत गैरसमज आहेत. सोनोग्राफी यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांसाठी उत्तम असली तरी मोठ्या आतड्याच्या आतील लहान गाठी तीत दिसत नाहीत. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' म्हणजे आतडे निर्दोष आहे, असा अर्थ काढता येत नाही. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये दिली जाणारी सीईए ही रक्तचाचणी निदानासाठी नाही. ती धूम्रपान करणाऱ्यांत व अन्य आजारांत वाढलेली असू शकते आणि सुरुवातीच्या कर्करोगात सर्वसाधारण राहू शकते. निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी तिचा खरा उपयोग आहे.

निर्णायक तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी, अर्थात मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. आदल्या दिवशी हलका, चोथा नसलेला आहार घ्यावा लागतो आणि आतडे स्वच्छ करणारे औषध बरेच पाणी मिसळून प्यावे लागते. रुग्णांच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत त्रासाचा असतो, आणि तपासणीचे यशही त्यावरच अवलंबून असते. प्रत्यक्ष तपासणी गुंगीचे औषध देऊन केली जाते व बहुधा अर्ध्या-पाऊण तासात संपते. संशयास्पद जागेचा तुकडा काढून पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पाठवला जातो. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण तो हजारात एक किंवा त्याहून कमी इतका अल्प आहे. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांना आधी सांगावीत.

या दुर्बिणीचा दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. आतड्याचा बहुतेक कर्करोग आधी पॉलिप नावाच्या लहान, निरुपद्रवी वाढीच्या रूपात असतो आणि त्याचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणतः दहा वर्षे लागतात. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील विल्यम वूल्फ आणि हिरोमी शिन्या या शल्यविशारदांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून पॉलिप काढण्याची पद्धत यशस्वी केली. तेव्हापासून ही तपासणी रोग शोधण्याबरोबरच तो टाळण्याचेही साधन झाली. पतीला १९९८ मध्ये या कर्करोगाने गमावल्यानंतर अमेरिकेतील दूरचित्रवाणी निवेदिका केटी कुरिक यांनी २००० मध्ये स्वतःची कोलोनोस्कोपी प्रेक्षकांना दाखवली. त्यानंतर त्या देशात ही तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली.

अमेरिकेत लक्षणे नसलेल्यांनाही वयाच्या ४५ व्या वर्षापासून चाळणी-तपासणीची शिफारस आहे. भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी होते; आतड्याचा त्यात समावेश नाही. त्यामुळे आपल्याकडे लक्षणांची वेळीच दखल घेणे हाच लवकर निदानाचा मुख्य मार्ग ठरतो. कुटुंबात दोन पिढ्यांत मिळून तिघांना हा आजार झालेला असेल व त्यांतील एकाला पन्नाशीपूर्वी, तर तो आनुवंशिक असण्याची शक्यता असते. अशा घरातील निरोगी सदस्यांनीही तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

नांदेड-लातूरमध्ये कुठे जावे?

पहिली पायरी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच पूर्ण होऊ शकते. पुढच्या टप्प्यासाठी शल्यचिकित्सक किंवा पोटविकारतज्ज्ञ यांच्याकडे जावे लागते. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून, तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था २००२ पासून कार्यरत आहे. लातुरातच १९६६ पासून चालणारे विवेकानंद रुग्णालय आहे. त्याचे संस्थापक डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले. नांदेडच्या डॉक्टर्स लेनसह दोन्ही शहरांत खासगी तज्ज्ञांची रुग्णालयेही आहेत. दुर्बिणीची सोय कोणत्या दिवशी असते आणि पूर्वतयारी काय करावी, याची चौकशी करूनच गावाहून निघावे. अन्यथा एक खेप वाया जाते.

निदान झाल्यावर सर्वच उपचारांसाठी मुंबई गाठण्याची गरज असते असे नाही. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूरकरांना जवळचे असलेले बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय ग्रामीण भागासाठीच उभे राहिले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचेच असेल, तर तुकड्याचा अहवाल, शक्य झाल्यास त्याची काचपट्टी व मेणाचा ठोकळा, सीटी स्कॅनच्या फिल्म आणि आधीची सर्व कागदपत्रे सोबत न्यावीत. त्यामुळे तपासण्यांची पुनरावृत्ती आणि मुंबईतील मुक्काम वाचतो.

खर्चाच्या बाबतीत शासनाच्या योजनेचा आधार आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. तिचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढले आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार तीत समाविष्ट आहेत. दाखल न होता करावयाच्या तपासण्यांचा खर्च मात्र बहुधा रुग्णालाच करावा लागतो. रुग्णालय योजनेत आहे का, हे तेथील आरोग्यमित्राकडे आधीच विचारून घ्यावे.

अहवाल निर्दोष आला तर?

कोलोनोस्कोपीत काही आढळले नाही, की अनेक रुग्ण हिरमुसतात. त्रास तर होतो आहे, मग सापडत का नाही, या शंकेने दुसऱ्या शहरात तीच तपासणी पुन्हा केली जाते. वास्तविक निर्दोष अहवाल हे एक उत्तरच आहे. त्यानंतर अतिसंवेदनशील आतड्यावर नेटाने उपचार करता येतात. ठरावीक वेळी जेवण, पुरेसे पाणी, नियमित चालणे, पुरेशी झोप आणि इसबगोलसारखा तंतुमय पदार्थ यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. दूध, गहू, कांदा, लसूण, डाळी यांपैकी कशाने त्रास वाढतो, हे काही आठवडे नोंद ठेवून पाहावे. अनेकांना गव्हाच्या पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी मानवते. मुरडा, जुलाब वा बद्धकोष्ठ यांवर वेगवेगळी औषधे आहेत. मन अस्वस्थ असल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यात कमीपणा नाही. नवे धोक्याचे लक्षण उद्भवल्याखेरीज वारंवार दुर्बिणीची गरज पडत नाही.

आणि कर्करोग निघालाच तर?

या आजारात निदानाची वेळ सर्वांत महत्त्वाची ठरते. अमेरिकेतील आकडेवारीनुसार रोग आतड्यापुरता मर्यादित असताना उपचार झाल्यास सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते. मोठ्या आतड्याच्या गाठीवर शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार असून गरजेनुसार केमोथेरपी दिली जाते. गुदाशयाच्या कर्करोगात बऱ्याचदा आधी किरणोपचार आणि मग शस्त्रक्रिया केली जाते. पोटावर शौचाची पिशवी बसेल, या धास्तीने कितीतरी रुग्ण उपचार पुढे ढकलतात. प्रत्यक्षात अनेक रुग्णांत ती लागत नाही आणि काहींना तात्पुरतीच लागते. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ पोचली असेल, तर कायमची पिशवी लागण्याची शक्यता वाढते. विलंब झाल्याने नेमकी तीच भीती खरी होऊ शकते.

बार्शीचा धडा

लक्षणांविषयी नुसते बोलल्याने काय साधते, याचे उदाहरण लातूरपासून जवळच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने १९८७ मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी फिरून लोकांना कर्करोगाची लक्षणे सांगत आणि संशय आल्यास तपासणीला पाठवत. पहिल्या काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे या नोंदणीतून दिसून आले. तेव्हा नवे औषध आले नव्हते की नवे यंत्र. ज्या अवयवाविषयी बोलायला लाज वाटते, त्याविषयी घरात बोलणे सुरू झाले होते.

शौचाच्या तक्रारींबाबतही हेच लागू पडते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : तक्रार केव्हापासून आहे, दिवसातून किती वेळा व कसे शौचास होते, रक्त दिसले का व कसे, वजनात किती फरक पडला, कुटुंबात कुणाला हा आजार होता का. चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात आणि निघताना एक प्रश्न अवश्य विचारावा : 'रक्त कुठून जाते, हे आपण पाहिले आहे का?' त्याचे उत्तर 'नाही' असेल, तर तपासणी अजून पूर्ण झालेली नाही.